जुनं यान थांबवायचं कधी, आणि नवं येईपर्यंत जायचं कशाने?

उत्तररात्र · शुक्रवार, रात्री ११:२०

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज लिहून काढतोय. जरा लांबेल, पण विषयच तसा आहे.

२१ जुलै २०११ ला अमेरिकेचं अटलांटिस हे शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा उडणारं अवकाशयान, फ्लोरिडात उतरलं. तिकडे पहाट, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. मी नोकरीत नवा होतो, तरी जेवणाची सुट्टी संपल्यावर स्क्रीनसमोरून हललो नाही. अंधारातून ते यान आलं, चाकं टेकली, धावपट्टीवर थांबलं आणि १३५ उड्डाणांचा, तीस वर्षांचा कार्यक्रम तिथेच संपला. त्या मोहिमेतल्या चौघांनी निघण्याआधी अंतराळस्थानकावर अमेरिकेचा एक छोटा ध्वज ठेवला होता. १९८१ मध्ये कोलंबिया या पहिल्या शटलच्या पहिल्या उड्डाणात जाऊन आलेलाच तो ध्वज. यापुढे अमेरिकेच्या भूमीवरून जे पहिले अंतराळवीर येतील त्यांनी तो परत न्यायचा, असं ठरलं.

त्यासाठी वाट किती पाहावी लागली? अमेरिकेच्या भूमीवरून माणसांचं पुढचं उड्डाण झालं ३० मे २०२० ला. आठ वर्षं, दहा महिने, नऊ दिवस. आणि तो उतरवून घेणाऱ्या दोघांपैकी एक होता डग हर्ली, अटलांटिसच्या त्याच शेवटच्या फेरीचा वैमानिक. ठेवताना तो ४४ वर्षांचा होता, परत न्यायला गेला तेव्हा ५३ चा.

या मधल्या काळात स्थानकावर जायला एकच गाडी होती, रशियाची सोयूझ. एका जागेचं भाडं वाढत वाढत शेवटी नऊ कोटी डॉलरच्या घरात गेलं. मला छळतं ते हे की यात अचानक काहीच घडलं नव्हतं. कोलंबियाचा अपघात झाला १ फेब्रुवारी २००३ ला, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सांगितलं की २०१० पर्यंत शटल बंद करू आणि नवं यान २०१४ पर्यंत माणसं नेऊ लागेल. म्हणजे चार वर्षांचं भगदाड आराखड्यातच होतं! प्रत्यक्षात ते दुपटीहून मोठं झालं.

आणि शटलला पर्याय शोधायची ती पहिली वेळ नव्हती. १९८६ मध्ये रेगन यांनी एक्स-३० नावाच्या अवकाश-विमानाची घोषणा केली, १९९३ मध्ये ते गुंडाळलं. मग एक्स-३३ आलं. एकाच टप्प्यात कक्षेत जायचं, काहीही टाकून न देता परत यायचं, असं स्वप्न. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या कॉम्पोझिट (हलक्या तंतुमिश्र पदार्थाच्या) टाकीत द्रव हायड्रोजन भरून चाचणी घेतली आणि टाकीच्या भिंतीचे थर सुटले. २००१ मध्ये तेही बंद. एक्स-३८ ही स्थानकावरून सुटकेसाठीची छोटी गाडी २००२ मध्ये रद्द. ऑर्बिटल स्पेस प्लेन नावाचा प्रकल्प दोन वर्षांतच विरला. मग एरीस-१ हा प्रक्षेपक आणि ओरायन हे यान. त्यातला एरीस २०१० मध्ये गेला, ओरायन चंद्राच्या वाटेसाठी उरलं.

मी याबद्दल मिळेल ते वाचत आलोय आणि माझं मत असं झालंय: शटलला बदली मिळाली नाही, कारण प्रत्येक वेळी शटलच्या जागी दुसरं शटल शोधलं गेलं. शटल माणसं न्यायचं, अठरा मीटर लांबीच्या पोटातून स्थानकाचे आख्खे भाग न्यायचं, हबल दुर्बिणीची पाच वेळा डागडुजी करून आलं, परतताना सामान खाली आणायचं. हे सगळं करणारं आणि वर स्वस्त व सुरक्षित असं एकच यान कुणालाच बांधता आलं नाही. काम मार्गी लागलं ते कामाचे तुकडे पाडल्यावर. २००६ मध्ये नासाने फक्त मालवाहतुकीसाठी खाजगी कंपन्यांना हाताशी धरलं, टप्पा पुरा केला की पैसे या बोलीवर. निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी एकीला ठरलेलं भांडवल उभं करता आलं नाही, म्हणून दीडेक वर्षात तिला काढून दुसरी घेतली. मे २०१२ मध्ये स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन पहिल्यांदा माल घेऊन स्थानकावर पोचलं, सप्टेंबर २०१३ मध्ये दुसऱ्या कंपनीचं सिग्नस. माल बुडाला तर नुकसान होतं, पण कुणाच्या घरी दिवा विझत नाही. आठ वर्षं माल वाहून वाहून जे शिकता आलं त्यावर माणसांचं ड्रॅगन उभं राहिलं.

आता तोच प्रश्न पुन्हा दारात आहे. सोयूझची रचना साठच्या दशकातली. चीनच्या शेनझोऊला वीस वर्षं उलटून गेली. माणसं नेणाऱ्या ड्रॅगनच्या कुप्या पाचच आहेत, त्याही पुन्हा पुन्हा वापरल्या जाताहेत. तुम्हाला काय वाटतं? यान म्हातारं झालं हे ओळखायचं कशावरून, आणि बदलीची तयारी कधी सुरू करायची?

हँगर-४ · शनिवार, सकाळी ७:०५

उत्तररात्र, लेख आवडला. 'ओळखायचं कशावरून' याचं माझ्यापुरतं उत्तर देतो. विमानांच्या वायरिंगवर ३१ वर्षं काम केलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो.

यान म्हातारं होतं ते पहिलं वायरीत. बाहेरचा पत्रा दिसतो, इंजिन काढून तपासता येतं, पण लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, एकदा आत बसला की वीस-वीस वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. एकदा आमच्याकडे एका विमानात उजव्या बाजूच्या पंपाचा दिवा मध्येच लागायचा नि जायचा. तीन जणांनी तीन दिवस शोधलं. शेवटी आरसा आणि टॉर्च घेऊन मी पॅनेलच्या मागे आडवा झालो. एका क्लँपचं रबर झिजून गेलं होतं आणि पत्र्याच्या कडेवर वायर इतकी घासली होती की आतली तांब्याची तार चमकत होती. बोटाच्या पेराएवढी जागा. विमान कंप पावलं की तार पत्र्याला लागायची.

म्हणून २३ जुलै १९९९ चं कोलंबियाचं उड्डाण मी विसरू शकत नाही. आयलीन कॉलिन्स कमांडर, शटलची पहिली महिला कमांडर. यान उडाल्यावर साधारण पाचव्या सेकंदाला शॉर्टसर्किट झालं आणि तीनपैकी दोन मुख्य इंजिनांचे एकेक नियंत्रक बंद पडले. जोडीच्या नियंत्रकांनी काम उचललं म्हणून सगळे वर गेले. नंतर उघडून पाहिलं तर एका स्क्रूच्या डोक्यावर बारीक बर्र, म्हणजे धातूचा धारदार कंगोरा, होता, त्यावर घासून वायरीचं वेष्टण गेलं होतं. मग सगळीच शटलं थांबवून त्यांच्या वायरी तपासल्या.

दुसरी खूण सुट्या भागांची. २००२ च्या सुमारास शटलचे बूस्टर (उडताना जोर देणारे बाजूचे रॉकेट) तपासायच्या जमिनीवरच्या यंत्रांसाठी ८०८६ जातीच्या चिप लागत होत्या. बनवणं केव्हाच बंद झालेलं. त्या इंटरनेटवरच्या लिलावांतून, जुन्या वैद्यकीय यंत्रांतून गोळा करत होते. स्टोअरमधला माणूस 'मिळणार नाही' म्हणायच्या ऐवजी 'बघतो कुठे मिळतं का' म्हणू लागला की समजायचं. बदलीची तयारी त्याच्या दहा वर्षं आधी व्हायला हवी होती.

मेघना_फ्लोरिडा · शनिवार, सकाळी ९:३०

हँगर-४ काका, तुमच्या प्रतिसादात मी आणखी एक भर घालते: माणसं. २००८ ते २०१३ आम्ही केनेडी अवकाश केंद्राच्या जवळच्या गावात राहत होतो. आमच्या शेजारची बाई शटलसाठी उष्णतारोधक गोधड्या शिवायची. मी गोधडीच म्हणते, कारण पाहिल्यावर मला आजीच्या वाकळीचीच आठवण झाली होती. बाहेर काचतंतूंसारखं कापड, आत सिलिकाचा थर, आणि ठराविक अंतरावर हाताने घातलेले टाके. शटलच्या अंगावरच्या फरशा साधारण २४ हजार, प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर स्वतःचा क्रमांक. एक फरशी दुसरीच्या जागी बसत नाही. हे काम करणारे हात तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

२०११ च्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर दर तिसऱ्या घरासमोर विक्रीची पाटी होती. हजारो लोकांची कामं गेली. नवं यान तयार नसताना जुनं थांबवलं की नुसतं वेळापत्रक चुकत नाही, शिकलेली माणसं विखुरतात आणि नव्या यानाला ती मिळत नाहीत.

उत्तररात्र, तुमच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. नऊ वर्षं लागली ती केवळ विचारपद्धती चुकल्यामुळे नाही. पैसाही वेळेवर मिळाला नाही. २०१२ च्या आर्थिक वर्षात माणसं नेणाऱ्या खाजगी यानांसाठी नासाने ८५ कोटी डॉलर मागितले, अमेरिकेच्या संसदेने निम्म्याहून कमी दिले. ती दोन-तीन वर्षं तशीच गेली. आणि त्याच काळात रशियाला जागांचे पैसे जात होते. घरच्या विहिरीला पैसे नाहीत म्हणायचं आणि टँकरचं बिल दर महिन्याला भरायचं, असा तो प्रकार होता. मला तेव्हाही त्याचा संताप यायचा, आजही येतो.

सह्यकडा · शनिवार, दुपारी १२:१५

चर्चा छान. पण 'सोयूझ साठच्या दशकातली' हे वाक्य मला खटकलं.

सोयूझ बाहेरून तशीच दिसते, आतून ती पाच वेळा नवी झाली आहे. टी, टीएम, टीएमए, टीएमए-एम आणि २०१६ पासून एमएस. आपला राकेश शर्मा १९८४ मध्ये गेला ती टी-११. २०१० मध्ये आतला ७० किलोंचा जुना संगणक काढून आठ किलोंचा बसवला. उंच माणसं मावावीत म्हणून टीएमएमध्ये आसनं बदलली. जुना वाडा पाडत नाहीत, पावसाळ्याआधी एकेक वासा बदलतात, कौलं फेरतात, आणि वाडा उभा राहतो. १९७१ नंतर सोयूझमध्ये एकही माणूस दगावलेला नाही.

११ ऑक्टोबर २०१८ आठवा. एमएस-१० उडालं, दोन मिनिटांनी बाजूचा एक बूस्टर नीट सुटला नाही आणि मधल्या टप्प्यावर आदळला. जोडणी करताना एक संवेदक वाकला होता, एवढंच कारण. सुटकेचा मुख्य मनोरा तोपर्यंत टाकून दिला होता, तरी आवरणावरच्या छोट्या मोटरींनी कुपी बाजूला ओढली. अलेक्सी ओव्चिनिन आणि निक हेग वीसएक मिनिटांत कझाकस्तानच्या माळावर धडधाकट उतरले, पाच महिन्यांनी पुन्हा त्याच जातीच्या यानातून वर गेले. जिच्यावर इतका भरवसा टाकता येतो तिला वयावरून बाद करू नका.

उत्तररात्र · शनिवार, दुपारी ४:५०

सह्यकडा, तुमचं म्हणणं मान्य, 'साठच्या दशकातली' हे मी फार घाईत लिहिलं. सोयूझबद्दल माझ्याही मनात आदरच आहे.

पण वासे बदलून वाड्याच्या खोल्या वाढत नाहीत. तीनच माणसं, सव्वादोन मीटर रुंदीची कुपी, परतताना सामान अगदी थोडं. हे रशियालाही कळतंच, म्हणून एप्रिल २००९ मध्ये नव्या यानाचं काम एनर्जिया कंपनीला दिलं. आधी फेडरात्सिया, मग ओर्योल असं त्याचं नाव बदललं, पण ते अजून एकदाही उडालेलं नाही. जुनं इतकं चांगलं चालतंय की नव्याची निकड कुणाला वाटत नाही, हाही बदलीतला मोठा अडसर आहे.

शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये बैकोनूरच्या प्रक्षेपणतळावरून सोयूझ एमएस-२८ सुखरूप वर गेली, पण प्रक्षेपणमंचाखालची भलीमोठी दुरुस्ती-चौकट खाली खड्ड्यात कोसळली. गागारिन जिथून उडाला तो मंच २०१९ नंतर वापरात नाही, त्यामुळे माणसांसाठी रशियाकडे तेवढा एकच मंच उरला होता. यान धडधाकट, प्रक्षेपक धडधाकट, आणि तेव्हा उडायला जागाच उरली नाही. म्हातारपण यानापुरतं मोजून भागत नाही.

मेघना, पैशाचा मुद्दा मी सोडून दिला होता, तो तुम्ही आणलात ते बरं केलंत.

गणितमास्तर · शनिवार, रात्री ८:४०

काही आकडे माझ्या वहीतले.

शटल: १३५ उड्डाणं, दोन अपघात, चौदा मृत्यू. म्हणजे साधारण ६७ उड्डाणांमागे एक अपघात. नासाने मागाहून बसून हिशेब केला तेव्हा निघालं की पहिल्या काही उड्डाणांत धोका नवात एक इतका होता आणि शेवटी शेवटी नव्वदात एक. हा आकडा मी मुलांना संभाव्यता शिकवताना सांगतो. १९८१ मध्ये यान कोरं करकरीत होतं तेव्हा ते सर्वांत धोक्याचं होतं, आणि 'म्हातारं' म्हणून बंद केलं तेव्हा सर्वांत सुरक्षित. म्हणून नवं यान आलं की लगेच जुनं थांबवायचं, याला माझा विरोध आहे. काही वर्षं दोन्ही सोबत चालली पाहिजेत.

दुसरी नोंद. २८ ऑक्टोबर २०१४ ला सिग्नस नेणारा अँटारीस प्रक्षेपक व्हर्जिनियात उडाल्यावर पंधरा सेकंदांत कोसळला. २८ एप्रिल २०१५ ला रशियाचं प्रोग्रेस मालवाहू यान प्रक्षेपकापासून सुटताना बिघडलं, गरगरत राहिलं आणि दहा दिवसांनी वातावरणात जळालं. २८ जून २०१५ ला ड्रॅगन नेणारा फाल्कन हवेत फुटला. आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या जातींची मालवाहू यानं गेली, तिन्ही अठ्ठावीस तारखेला. तरीही स्थानक रिकामं करावं लागलं नाही. जुलैच्या सुरुवातीला दुसरं प्रोग्रेस गेलं, ऑगस्टमध्ये जपानचं एचटीव्ही. एकाच जातीवर सगळं असतं तर?

विषयाला धरून एक: त्या अँटारीसची इंजिनं सोव्हिएत संघाने चांद्रमोहिमेच्या एन-१ प्रक्षेपकासाठी सत्तरच्या दशकात बनवलेली होती. चाळीस वर्षं गोदामात पडलेली इंजिनं डागडुजी करून वापरली. अपघातानंतर ती कायमची बाद झाली.

चांदणझुला · शनिवार, रात्री १०:१०

वाचनखूण साठवली आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, तंत्रातलं फार कळत नाही. पण सुनीता विल्यम्स वर अडकल्या होत्या तेव्हा आमच्या चौथीच्या मुली रोज सकाळी विचारायच्या, 'बाई, त्या आज येणार का?' मी काय उत्तर द्यावं ते मला कळायचं नाही. तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं, कुणी सोप्या शब्दांत सांगेल का? आणि ते यान रिकामं परत नीट उतरलं, तर त्यातूनच त्यांना का आणलं नाही?

हँगर-४ · रविवार, सकाळी ६:५०

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे.

त्यांना नेणारं बोइंगचं स्टारलायनर यान ५ जून २०२४ ला आठ-दहा दिवसांसाठी गेलं. वाटेत हेलियम गळत होता. हा हेलियम इंधनाला दाब देतो, तो गेला की थ्रस्टरला इंधन पोचत नाही. मग स्थानकाजवळ पोचताना यान वळवणारे २८ पैकी पाच छोटे थ्रस्टर बंद पडले. चार परत चालू झाले, जोडणी झाली. नंतर जमिनीवर तसाच थ्रस्टर तापवून पाहिला, तेव्हा आतल्या झडपेचं टेफ्लॉनचं सील फुगलेलं सापडलं. सील फुगलं की इंधनाची वाट अरुंद होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यान नीट उतरलं हे आपल्याला उतरल्यावर कळलं. निर्णय त्याच्या आधी घ्यायचा होता. परतीच्या वाटेवर हेच थ्रस्टर पुन्हा तापणार, तेव्हा किती चालतील हे छातीठोकपणे सांगणारा कुणी नव्हता. माझ्या सहीशिवाय विमान सुटायचं नाही अशी माझी नोकरी होती, म्हणून सांगतो, अशा वेळी 'बहुतेक चालेल' यावर सही करायची नसते. नासाने रिकामं पाठवलं ते शंभर टक्के बरोबर केलं.

आणि हा निर्णय घेता आला कारण दुसरी गाडी होती. २०१४ मध्ये कंत्राटं दिली तेव्हा बोइंगला ४.२ अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज. दोघांना कशाला, एकच पुरे, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रॅगन चारऐवजी दोघांनाच घेऊन गेलं, दोन आसनं रिकामी ठेवून. मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून परतले, २८६ दिवसांनी. त्या ड्रॅगनचा कमांडर कोण होता माहीत आहे? निक हेग. वर सह्यकडा यांनी सांगितलेल्या त्या सोयूझमधून वाचलेला तोच. तुमच्या चौथीच्या मुलींना हे जरूर सांगा.

सकुरा_कट्टा · रविवार, सकाळी ११:००

जपानहून लिहितोय. मालवाहू यानांबद्दल थोडं, कारण त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

जपानचं एचटीव्ही, म्हणजे 'कोउनोतोरी' (करकोचा), २००९ ते २०२० मध्ये नऊ वेळा गेलं आणि नऊही वेळा पोचलं. स्थानकाच्या जुन्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या काढून लिथियम-आयनच्या बसवल्या, त्या नव्या बॅटऱ्या याच यानाने नेल्या. त्याच्या कुशीत एक उघडी फळी होती, बॅटऱ्या तिच्यावर बांधून न्यायच्या. त्याच्या जागी एचटीव्ही-एक्स आलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधे पाच वर्षं. पण या पाच वर्षांची झळ कुणाला बसली नाही, कारण सिग्नस, ड्रॅगन, प्रोग्रेस चालू होती.

गणितमास्तर, तुमच्या आकड्यांत एक भर: सिग्नसचं मला जास्त कौतुक आहे ते त्याच्या लवचीकपणासाठी. अँटारीस कोसळला तेव्हा ते अ‍ॅटलास-५ या दुसऱ्या प्रक्षेपकावर बसून गेलं. युक्रेनमधल्या युद्धामुळे अँटारीसचा पहिला टप्पा आणि रशियन इंजिनं दोन्ही मिळेनाशी झाली, तेव्हा २०२४ पासून ते प्रतिस्पर्ध्याच्या फाल्कनवर बसून जातंय. नवं यान बांधताना ते एकाच प्रक्षेपकाला कायमचं जखडू नये, हे मी त्यातून शिकलो.

एक गोष्ट मात्र सुटून गेली आहे. वर नेणारी यानं पुष्कळ, खाली आणणारी फार थोडी. प्रोग्रेस, सिग्नस, एचटीव्ही, युरोपचं एटीव्ही, सगळी कचरा भरून जळून जातात. शटल थांबल्यावर ड्रॅगन येईपर्यंत प्रयोगांचे गोठवलेले नमुने खाली आणायला सोयूझमधला एखादा कोपरा एवढीच सोय होती. शटलचं हे काम कुणी यादीत नीट लिहिलंच नव्हतं, असं मला वाटतं.

नीराकाठ · रविवार, दुपारी ३:२०

मी वालचंदनगरचा. आमच्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटर-केसिंग बनतात, एलव्हीएम-३ च्या बाजूच्या एस-२०० बूस्टरचेही. ३.२ मीटर व्यासाचं ते पोलादी नळकांडं ट्रेलरवर बांधून गावातून निघतं तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन उभे राहतात. लहानपणापासून पाहतोय, तरी अजून थांबतो. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात, तीही याच प्रक्षेपकात. म्हणजे गगनयान उडेल तेव्हा त्याला वर ढकलणाऱ्यांत महाराष्ट्रातले बरेच हात असतील.

आपल्याकडे बदलायला जुनं यान नाही, पहिलंच बनतंय. पण हा धागा वाचून वाटलं की दुसऱ्याचा विचार आत्ताच हवा. २१ ऑक्टोबर २०२३ ची गगनयानची चाचणी मी घरच्यांसोबत पाहिली. उलटी मोजणी पाच सेकंदांवर आपोआप थांबली, घरात सगळे गप्प. मग कारण शोधून, दुरुस्त करून दहा वाजता उडवलं आणि सुटकेची यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली. हे असं थांबणं मला फार आश्वासक वाटलं. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये ड्रॅगनमधून स्थानकावर जाऊन आले, त्या अनुभवाचा उपयोग होईलच. पण मालवाहू यानाचं काय? आपलं स्वतःचं अंतराळस्थानक २०३५ पर्यंत हवं आहे, तर त्याला अन्नपाणी पोचवणारी बैलगाडी कुठली? त्यावर फार कमी बोललं जातं.

उत्तररात्र · रविवार, रात्री ९:३०

नीराकाठ, बैलगाडीचा प्रश्न लाखमोलाचा. माझं उत्तर धाग्यात आहेच: आधी माल, मग माणसं. आपण ते उलट्या क्रमाने करतोय, म्हणून मालवाहू यान लवकर हवं.

आणखी एक उदाहरण राहून गेलं होतं. वर उभं असलेलं यान हीच तिथल्या माणसांची जीवरक्षक नौका असते. डिसेंबर २०२२ मध्ये सोयूझ एमएस-२२ ला बारीक अशनी लागून शीतकरणाचं द्रव गळून गेलं. बदली सोयूझ रिकामी पाठवावी लागली आणि सहा महिन्यांसाठी गेलेला फ्रँक रुबियो ३७१ दिवसांनी घरी आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या शेनझोऊ-२० च्या खिडकीला तडे गेलेले दिसले. त्यातल्या तिघांना १४ नोव्हेंबरला नव्याने आलेल्या शेनझोऊ-२१ मधून खाली आणलं. म्हणजे वर उरलेल्या तिघांकडे धड यान नाही! पण चीन एक यान प्रक्षेपणस्थळी राखीव तयार ठेवतो. २५ नोव्हेंबरला शेनझोऊ-२२ रिकामं वर गेलं. अकरा दिवस. मी त्या अकरा दिवसांत रोज रात्री बातम्या बघत होतो.

गणितमास्तर म्हणतात ते सोबत चालवणं चीनही बहुधा करेल, कारण त्यांचं मंगझोऊ हे नवं यान तयार होत असताना शेनझोऊ थांबवलेलं नाही.

मेघना, एक विचारायचं राहिलं. तुमच्या शेजारच्या त्या बाई पुढे कुठे गेल्या?

मेघना_फ्लोरिडा · सोमवार, सकाळी ८:१५

तिला दीड-दोन वर्षं काम मिळालं नाही. मग बोटींच्या गाद्या आणि आच्छादनं शिवणाऱ्या एका छोट्या दुकानात लागली. आम्ही २०१३ मध्ये दुसऱ्या शहरात गेलो, पण फोन चालू राहिला.

मे २०२० मध्ये ड्रॅगनच्या उड्डाणासाठी आम्ही गाडी चालवत गेलो. २७ तारखेला ढग भरून आले आणि शेवटच्या सतरा मिनिटांत रद्द झालं. आम्ही राहिलो. ३० तारखेला दुपारी नदीकाठी सगळे मास्क लावून लांब लांब उभे. ती घडीची खुर्ची घेऊन आली होती. तीन वाजून बावीस मिनिटांनी ते उडालं, आवाज आमच्यापर्यंत मागाहून आला, छातीत धडधडला. ढगात जाऊन दिसेनासं झालं तरी ती मान वर करूनच बसली होती. मग म्हणाली, 'यात माझा एकही टाका नाही.' आणि उठून टाळ्या वाजवायला लागली. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही तिकडे काम करायचात का? ती हो म्हणाली. तेही शटलच्या इंधनटाकीवर वीस वर्षं होते.